एका हाताचा स्वयंपाक

मिस्त्रींनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत कपाटं बसवली. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र ते पाणी प्यायला तेवढे जायचे. साठीला दोन वर्षं उरली असताना एका सकाळी रंधा हातातून निसटला, आणि त्या उजव्या हातानं पुन्हा काही धरलंच नाही. झटका आला होता. पाय महिन्याभरात सुधारला, जीभही वळायला लागली, हात मात्र खांद्याला नुसता लोंबकळत राहिला.

बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. दिवसभर जावयाकडे बघायला कुणी हवं, म्हणून सासूबाई मुक्कामाला आल्या. त्यांनी असं काही बघितलं, की मिस्त्रींना पळता भुई थोडी झाली. चहाचा कप उचलायला गेले तरी "जावईबापू, तुम्ही बसा बघू!" जेवण कुस्करून ताटात, वर गळ्याशी टॉवेल. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बोलणंही दणदणीत. एकदा त्या शेजारणीला म्हणाल्या, "आता त्यांच्याच्यानं काय होणार, बाई!" आतल्या खोलीत मिस्त्रींनी ते ऐकलं. आणि मनाशी खूणगाठ बांधली.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की ते गॅलरीत कामाला बसायचे. एका जाड फळीतून तीन लांब खिळे आरपार काढायचे होते. मेणाच्या गोळ्यात खिळा उभा करायचा, फळी गुडघ्याखाली दाबायची आणि डाव्या हातानं हातोडी हाणायची. पहिल्या दिवशी चार खिळे वाकले. आठव्या दिवशी तिन्ही खिळ्यांची टोकं फळीच्या वर सरळ उभी राहिली. त्यांच्यावर बटाटा रोवला, तो जागचा हलेना!

गुरुवारी बायको सुट्टी काढून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दार लागलं तसे मिस्त्री कोपऱ्यावरून कोंबडीचे तुकडे करूनच घेऊन आले. दोन भांडी सांभाळायला दोन हात लागतात, म्हणून एकच पसरट पॅन. कांदा, बटाटे, गाजरं एकामागून एक खिळ्यांवर रोवून चिरली. बीन्स बोटांनीच मोडल्या. लसूण वाटीच्या बुडानं ठेचला. तेलात तुकडे लालसर झाले, भाज्या पडल्या, मीठ-मिरपूड पडली, घर घमघमलं.

मग घोटाळा झाला. ढवळायला घेतलं की उलथण्याबरोबर पॅनही गरगर फिरायचा. एकदा तर शेगडीच्या कडेला जाऊन तिरका झाला.  मिस्त्रींनी तो कसाबसा सावरला. मग डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि पॅनच्या लाकडी दांडीवर आणून ठेवला. मेला म्हटलेला हात, पण वजनाला चांगला भक्कम! दांडी दाबली गेली. पॅन हलेना. मिस्त्री एकटेच मोठ्यानं हसले, वर लिंबू पिळलं आणि झाकण घातलं.

संध्याकाळी मायलेकी परतल्या. बायको दारातच थबकली.

"अहो, हे कुणी आणून दिलं?"

"कुणी नाही. बसा दोघी."

त्यांनी स्वतः वाढलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. 

"मीठ बेताचं आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे शाल-श्रीफळच. मग त्यांनी ताट पुढे केलं. "आणखी एक बटाटा वाढा, जावईबापू."

बसा म्हणाल्या नाहीत! मिस्त्रींची छाती दोन इंच वर आली.

बायको ओट्यावरची फळी पाहत होती. खिळ्याच्या टोकावरून तिनं हलकेच बोट फिरवलं, पदरानं डोळे टिपले आणि परत येऊन जेवायला बसली.

"उद्या मला यायला उशीर होईल," ती घास घेत सहज म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. बीन्स तेवढ्या जरा कमी शिजवा."