डिझेल थंड होतंय

अलार्म मीच बंद करत होतो. एकदा नव्हे, सलग तीन आठवडे. त्याला नुसती चूक म्हणायला मला तोंड नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी कोल्हापूरबाहेर, मलकापूरच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाचा मॅनेजर होतो. पूर्वी आम्ही टाकीत पट्टी सोडून तेल मोजायचो. मग मालकांनी यंत्र बसवलं. जमिनीखालच्या टाकीत दांडी, तिच्यावर तरंगणारा गोळा आणि माझ्या केबिनमध्ये आकडा दाखवणारी पेटी. विक्रीपेक्षा जास्त तेल घटलं की पेटी ओरडायची. पण टँकर खाली झाल्यावर गरम डिझेल थंड होऊन जरा आकसतं, तेव्हाही ती ओरडायची. म्हणून आम्हाला एक वाक्य सापडलं होतं. "डिझेल थंड होतंय," म्हणायचं आणि बटण दाबायचं.

पंपामागे एक लिंगायत घर होतं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे अव्वा म्हणत. पिण्याचं पाणी नळाचं. धुणीभांडी परसातल्या विहिरीवर, आणि ती नव्या सुनेकडे. एका सकाळी अव्वा केबिनच्या दारात आल्या.

"म्यानेजर, तुमच्यात रॉकेल मिळतंय व्हय?"

"न्हाय की अव्वा. रॉकेल रेशनला."

"मग आमच्या सुनंला कोण देतंय? तिच्या लुगड्याला वास, केसाला वास. ती हात लावंल त्याला वास. पेटवून घ्यायचं हाय का काय तिच्या मनात, देवाला ठावं. माहेरी धाडावं म्हणतोय तिला."

आमचा जुना कामगार हसला. "अव्वा, आमच्या बी अंगाला वास येतोय. आमास्नी बी माहेरी धाडा की!"

"गप रं मुडद्या. तू पंपावर हाईस. ती कुठं हाय?"

तेवढ्यात पेटी ओरडली. मी न बघताच बटण दाबलं.

त्याच आठवड्यात कोल्हापूर बंद होतं. आमचाही पंप बंद. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टँकर येऊन तीन दिवस झाले होते, थंड व्हायला काही उरलं नव्हतं. तरी माझ्या डोळ्यांदेखत आकडा एकेक करून उतरत होता. जमिनीखाली कुणीतरी सावकाश घोट घेत असावं, तसा.

मी मागे विहिरीवर गेलो. एरवी पाऊल वाजलं की बेडूक धपाधप उड्या टाकत. त्या दिवशी काहीच हललं नाही. पाण्यावर जांभळी-हिरवी साय पसरली होती. धुण्याच्या दगडापाशी सून उकिडवी बसली होती. ती हात धुवायची, तळवे नाकाशी न्यायची, पुन्हा त्याच पाण्यानं धुवायची. तिनं मला पाहिलं नाही. मी आल्या पावली परतलो आणि गप्प राहिलो. पेटी कधीपासून ओरडतेय, असं कुणी विचारलं असतं तर?

चार दिवसांनी सुनेला बाहेरचं काहीतरी लागलंय असं ठरलं आणि तिला आजऱ्याला माहेरी पोचवलं. वास मात्र गेला नाही. आता तो अव्वांच्याच हातांना यायला लागला. "जाताना घरात ठेवून गेली बघा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

मी मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी टाकी रिकामी करायला घेतली, पण बजावलं, "विहिरीचं कुठं बोलू नगंस." दुसऱ्या दिवशी मी आजऱ्याची एसटी धरली. सून काजूच्या कारखान्यात कामाला लागली होती. मी सांगत गेलो, ती फाटकाशी उभी राहून ऐकत होती.

"मलाच खरं वाटाय लागलं होतं," ती म्हणाली. "झोपेत मीच काय करतोय का काय, असं. पण हे मला सांगून काय उपेग? तिथं सांगा."

परत आलो तो तडक अव्वांच्या दारात. अव्वा तांदूळ निवडत होत्या, त्यांचा मुलगा, सुनेचा नवरा, शेजारी बसला होता. मी चप्पल काढून खाली बसलो.

"अव्वा, सुनंचं काय बी न्हवतं. आमची टाकी गळत होती, ते डिझेल तुमच्या विहिरीत उतरलं. यंत्र सांगत होतं, मी त्याचं तोंड दाबत होतो. मला कळलं होतं, तरी तुम्ही तिला घालवताना मी गप्प बसलो. चुकलो. मला माफ करा, आणि तिला घेऊन या."