चुलत बहिणीच्या सेटिंगा

आमच्या घराखाली टॉवेलचे यंत्रमाग आहेत, त्यामुळे घरात कुणी हळू बोलत नाही आणि हळू बोललेलं कुणाला ऐकूही येत नाही. शूटर गेम खेळायला लागलो तेव्हापासून माझ्या हेडफोनचा आवाज शेवटच्या टोकाला. शत्रूची पावलं ऐकायची आणि मग गोळी झाडायची, असं सगळे सांगतात. मागांच्या खडखडाटात मला निम्मी पावलं ऐकू यायची नाहीत, तरी मी आवाजावरच भिस्त ठेवली. माग सुरू झाला की आवाज वाढव, यापलीकडे आमच्या घराण्याची अक्कल कधी गेलेली नाही.

मग चुलत बहीण अक्कलकोटहून कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. माझ्याच संगणकावर, माझ्याच शेजारी बसून खेळायला शिकली. एके दिवशी तिनं कन्सोल उघडलं. कन्सोल म्हणजे एक काळी पट्टी. तिच्यात कमांड टाइप केल्या की मेन्यूत नसलेल्या गोष्टीही बदलता येतात. मी तिथं फार तर नेम धरायच्या फुलीचा रंग बदलायचो. हिरवी, पिवळी, पुन्हा हिरवी. हिनं सरळ आवाज शून्यावर आणला, शत्रू कुठं आहे ते दाखवणारं कोपऱ्यातलं रडार मोठं केलं आणि सगळा नकाशा त्यात बसवला.

"आवाज न्हाय तर खेळणार कशी?" मी विचारलं.

"हितं तसंबी काय ऐकू येतंय, दादा? बघून खेळते की."

महिन्याभरात ती मला हरवायला लागली. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला. आई तिच्या ताटात भाकरी वाढायची, ती भाकरीसुद्धा मला माझ्या भाकरीपेक्षा मोठी दिसायची.

आमच्या गावच्या भवानी पेठेतल्या गेमिंग कॅफेत एक टीम होती. चौघे पक्के होते, पाचवा नोकरीसाठी गाव सोडून गेलेला. त्या पाचव्या जागेसाठी मी वर्षभर त्यांच्या मागं मागं फिरलो होतो. कॅप्टननं आम्हा दोघांनाही खेळवून पाहिलं. नेमकी त्याच वेळी कॅफेसमोरून बँड लावून वरात निघाली. मी कान देऊन बसलो आणि दर डावात सगळ्यांच्या आधी मेलो. तिला वरात निघाल्याचं नंतर कळलं.

"वाईट वाटून घिऊ नको," कॅप्टन मला म्हणाला, "पन ती लई भारी खेळती."

स्पर्धा पुण्याला होती. काकूनं मला फोन केला. "अय्यो, एकटी पोरगी चार पोरांसंगं कशी धाडू? तू संगट जाणार असशील तर पाठवते. न्हायतर न्हाय."

बहीण दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला परीक्षा आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. जागा आपोआप माझी झाली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मी मेलो की प्रत्येक वेळी ते चौघे तिची आठवण काढणार, हेही मला डोळ्यांसमोर दिसलं, आणि ते मला सोसलं नसतं. "जातो, काकू," मी म्हणालो. घरात सगळ्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. कसलं मोठं मन, आतून मी नुसता धुमसत होतो.

पुण्यातले संगणक कोरे होते. ज्यानं त्यानं आपापल्या सेटिंगा करून घ्यायच्या, म्हणून सामन्याआधी थोडा वेळ दिलेला. ती घाईघाईनं टाइप करायला लागली. एकच कमांड दोनदा चुकली.

"दादा, तूच टाक की."

ती उठली आणि मी तिच्या, त्या पाचव्या खुर्चीत बसलो. शेजारी कॅप्टन, पलीकडे बाकीचे तिघे, मागं सामना बघायला बसलेली माणसं. तिच्या सगळ्या कमांड मला पाठ होत्या. त्या कशा पाठ झाल्या, हे तिनं विचारलं नाही. माऊसच्या वेगापाशी माझं बोट थांबलं. एक आकडा इकडचा तिकडे झाला असता तर पहिल्या डावातच तिचा नेम गेला असता, आणि घाईत चुकलं म्हणता आलं असतं. मी बरोबर आकडा टाकला. माऊस फिरवून पाहिला. झकास फिरला.

"झालं का, दादा?"

"थांब की," मी म्हणालो, आणि काहीही राहिलेलं नसताना सगळ्या कमांड पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला लागलो.