धुतलेलं इंजिन

बॉनेट उघडलं आणि अण्णा एक पाऊल मागे सरले.

अण्णा म्हणजे माझे वडील. शनिवार पेठेतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये आम्ही जुनी गाडी बघायला गेलो होतो. चौदा वर्षांची, छोटी, पांढरी गाडी. मालक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन होते. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. बॉनेटला दांडा लावून ते बाजूला झाले. आतलं इंजिन लखलखत होतं. कुठे तेलाचा ओघळ नाही, कुठे चिकटलेली धूळ नाही, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशीसुद्धा नाही. मी खूश झाले. अण्णांनी माझी ओढणी हळूच ओढली आणि पुटपुटले, "घेऊ नको."

"का?"

"चौदा वर्षं राबलेल्या माणसाच्या अंगाला घामाचा वास नाही, असं असतं का? धुतलंय. काहीतरी लपवलंय."

मालकांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी अण्णांकडे वळून विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"विश्रांतवाडी."

"ते झालं. पण मूळचे?"

"मूळचे पण विश्रांतवाडीच," अण्णा म्हणाले. आमचं गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि आजोबा होते तोवर आम्ही दर उन्हाळ्यात तिथे जात होतो. पण तो प्रश्न कोणत्या वाटेने कुठे पोचतो हे अण्णांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती वाट तिथेच बंद केली. मालकांनी मान हलवली आणि चावी माझ्या हातात दिली. "चालवून बघा तुम्ही."

मी नदीकाठाने एक चक्कर मारली आणि गाडी ठरवूनच परत आले. कंपनीतलं माझं दुसरं वर्ष होतं. आमच्या घरात कॉम्प्युटरवर काम करणारी मी पहिली, आणि दारात चारचाकी उभी करणारीही पहिलीच होणार होते. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस विश्रांतवाडीला येत नव्हती. रोज दोन बस बदलून ऑफिसात पोचेपर्यंत निम्मा जीव जायचा. अण्णांचं म्हणणं मी ऐकलं नाही. ते वर्कशॉपमधले, त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, एवढंच मनात म्हटलं.

अण्णा बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. आम्हा भावंडांना एवढंच माहीत होतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून आम्ही "वर्कशॉप" लिहायचो. वस्तीत कुणाची स्कूटर बंद पडली तरी अण्णा कधी हात लावायला पुढे जात नसत. लांबून बघायचे आणि म्हणायचे, "गॅरेजला दाखवा." मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा.

गाडी घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुकानातून एक मोठा पुठ्ठा आणला आणि इंजिनाच्या बरोबर खाली सरकवला. रोज सकाळी अंघोळीच्या आधी पुठ्ठा बाहेर काढून उजेडात धरायचे, दोन्ही बाजूंनी बघायचे, बोट फिरवून वास घ्यायचे. पुठ्ठा कोराच असायचा. आठवडा गेला, महिना गेला. मला वाटलं, आता त्यांचं समाधान होईल. तर उलटंच. जितके दिवस पुठ्ठा कोरा, तितकी त्यांची खात्री पक्की.

"जाड ऑइल भरून दिलंय त्याने," ते आईला सांगत होते. "ते पातळ होऊ दे, मग बघ कसं गळतं."

"नाही गळलं तर?" आई म्हणाली.

"न गळायला काय झालं?"

दुसरा महिना संपता संपता पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग दिसला. अण्णांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता खरी होती, पण तिच्या मागे थोडं समाधान होतं. ते मला दिसलं आणि मी जास्तच चिडले. आठ दिवसांत डाग तळहाताएवढा झाला. अण्णांनी गाडी हलवायला मनाई केली. मी पुन्हा दोन बस बदलून जायला लागले.

त्या बसमध्ये उभी असताना माझ्या डोक्यात जे फिरत होतं ते मला आजही सांगायला आवडत नाही. कंपनीत माझ्याभोवती सगळ्या गावांची, सगळ्या जातींची मुलं होती. जेवणाचे डबे एकत्र उघडायचे. मूळ गाव विचारणाऱ्या प्रश्नावर अण्णांसारखं अंग आकसून घ्यायची मला गरज नाही, असं मी समजत होते. आणि आता मी बसची दांडी धरून हिशोब मांडत होते की त्या माणसाने विश्रांतवाडी हे नाव ऐकलं, अण्णांचं उत्तर ऐकलं, आणि ठरवलं की ही माणसं परत येऊन जाब विचारणार नाहीत. खपवा यांच्या गळ्यात. अण्णांचा संशय इंजिनावर होता. माझा त्याहून पुढे गेला होता.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. दारावर पाटी होती: "बेल एकदाच वाजवावी." मी एकदाच वाजवली. त्यांनी दार उघडलं, मला ओळखलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"गाडी ऑइल गळतेय," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलं नव्हतं."

"गळत नव्हती. काय सांगणार?"

"दोन महिन्यांत एवढी गळायला लागली?"

"तेच मी आपल्याला विचारतोय. चौदा वर्षं माझ्याकडे एक थेंब नाही. तुमच्याकडे दोन महिन्यांत. हवा मानवली नसेल तिकडची."

पुण्यात असं बोलतात. दुधात पाणी आहे का म्हणून विचारलं तर पाण्यात दूध आहे म्हणून सांगणारी माणसं या पेठांमधून वाढलेली आहेत, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी "तिकडची" हा शब्द मला लागला.

"तिकडची म्हणजे? स्पष्ट सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे कान हळूहळू लाल झाले. मला वाटतं, आपण काय बोललो आणि ते कसं ऐकलं गेलं, हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. किंवा पकडले गेल्यामुळेही लाल झाले असतील. मी ते आजही ठरवू शकलेले नाही.

"पत्ता लिहून द्या," ते म्हणाले. "उद्या सकाळी नऊला येतो."

रविवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना ते बसमधून उतरले. हातात कापडी पिशवी. तिच्यात जुनं धोतर फाडून केलेली फडकी, एक छोटा टॉर्च आणि घड्या घातलेला खाकी ॲप्रन. आमच्या दारावर पंचशीलाची रंगीत पट्टी आहे. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. ते पाहताना अण्णांनी त्यांना पाहिलं. दोघांनी नमस्कार केला. अण्णा डेपोच्या वर्कशॉपमध्ये होते, असं मी ओळख करून देताना सांगितलं.

बॉनेट उघडल्यावर त्यांचा चेहरा पडला. दोन महिन्यांची धूळ आणि तेल मिळून इंजिनावर काळा थर बसला होता. "एकदाही पुसलं नाहीत?" त्यांनी विचारलं. ॲप्रन चढवून ते वाकले, आणि तेलाची पातळी बघायची पट्टी बाहेर ओढली. फडक्याने पुसली, परत आत घातली, परत ओढली. मग ती आडवी धरून आम्हाला दाखवली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्यांच्यामध्ये असावं लागतं. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलं होतं.

"तेल कोण घालतं?"

मी म्हणाले, "कुणीच नाही. तुम्ही भरून दिलंत तेवढंच आहे."

"मी घालतो," अण्णा म्हणाले.

मी वळून बघितलं. पायरीखालच्या कप्प्यातून अण्णांनी तेलाचा डबा काढून आणला. निम्म्याच्या खाली गेलेला. रोज सकाळी मी तयार होत असताना ते थोडं थोडं ओतत होते.

"गळतंय म्हणून ओतत होतात?" ड्राफ्ट्समन म्हणाले. "की ओतत होतात म्हणून गळायला लागलं? अहो, जास्त तेल झालं की आत दाब वाढतो. जुनं रबराचं सील किती सोसणार?"

"कमी पडू नये म्हणून घालत होतो. जास्त असलं तर काय बिघडतं?"

"आपण वर्कशॉपमध्ये होतात ना?"

त्यात टोमणा होता की नुसतंच आश्चर्य, सांगता येणार नाही. अण्णांनी डबा खाली ठेवला. मग जे सांगितलं ते आम्ही घरातल्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"मी इंजिनं धुवायचो," ते म्हणाले. "रॉकेलने. साहेब तपासणीला यायचे त्याच्या आदल्या दिवशी. उघडायचं काम दुसऱ्यांचं. आम्हाला पाना धरू देत नव्हते. अकरा वर्षं धुतली, मग स्टोअरमध्ये टाकलं."

ड्राफ्ट्समन सरळ उभे राहिले.

"एका गाडीला गळती होती. मी सांगितलं फिटरला. तो म्हणाला, तू धू, बोलू नको. धुतली. चकचकीत केली. पास झाली. चार दिवसांनी घाटात तेल संपून इंजिन जाम. माणसं वाचली, नशीब. चौकशी लागली. फिटर म्हणाला, धुणाऱ्याने गळती दाखवलीच नाही. मेमो मला." अण्णांनी गाडीकडे हात केला. "तेव्हापासून धुतलेलं इंजिन बघितलं की मला धडधडतं."

शेजारच्या विहारातून मुलांच्या वंदनेचा आवाज येत होता. मग ड्राफ्ट्समन फडक्याने आपली बोटं एक एक करून पुसायला लागले.

"मी धुवायचो नाही," ते म्हणाले. "पुसायचो. दर रविवारी. का, तर स्वच्छ इंजिनावर पहिला थेंब आला की त्याच दिवशी दिसतो. घाण असली की घाणीत सगळं खपून जातं." थांबून म्हणाले, "पण आपलंही बरोबर आहे. बाहेरून कसं कळणार, कोण कशासाठी पुसतोय."

आईने चहा आणला. ते म्हणाले, साखर चालत नाही मला. साखर तर पडलेली होती. ते "असू द्या" म्हणाले आणि अर्धा कप पिऊन बशीत ठेवून दिला. अण्णांचं लक्ष त्या कपावर खिळलेलं मला दिसत होतं. पुढे कित्येक दिवस त्या अर्ध्या कपावरून घरात वाद झाला. आई म्हणायची, साखरेमुळे. अण्णा म्हणायचे, "कारण सगळ्यालाच असतं."

जास्तीचं तेल काढून आम्ही तिघं त्याच गाडीतून धायरीला गेलो. ड्राफ्ट्समनांचा नेहमीचा मेकॅनिक तिथे होता. पत्र्याची शेड, मागे उसाचं एक उरलेलं शेत आणि त्याच्याही पलीकडे चढत चाललेल्या नव्या इमारती. वाटेत अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "यांचाच माणूस. दोघं मिळून इंजिनकाम काढतील बघ."

मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "सील गेलंय फक्त. इंजिन ठणठणीत हाय!"

"कशावरून?" अण्णा म्हणाले.

मेकॅनिक बाहेर आला. अण्णांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "या की मग खाली. बघा सोताच्या डोळ्यानं."

आणि अण्णा, रविवारच्या पांढऱ्या शर्टात, जमिनीवर गोणपाट टाकून त्याच्या शेजारी गाडीखाली सरकले. मला फक्त पायांच्या दोन जोड्या दिसत होत्या. आत अण्णांचे प्रश्न चालू होते: हे काय, हे कुठे जातं, हा नट का सोडला, जुनं सील माझ्या हातात दे. जुनं सील त्यांनी बाहेर पाठवलं आणि मला ते जपून ठेवायला सांगितलं, म्हणजे नवं खरंच बसवलं याचा पुरावा. दगडासारखं कडक झालेलं रबर होतं ते. ड्राफ्ट्समनांनी ते बोटात धरून वाकवून बघितलं, तुटलं. "हे माझ्याच वेळी बदलायला हवं होतं," ते मला म्हणाले. "वरून पुसत बसलो, खाली कधी शिरलो नाही."

थोड्या वेळाने खालून मेकॅनिकचा आवाज आला. "धरा की पाना. घ्या तुम्हीच आवळून. लई जोर नको."

अण्णांच्या पायाची बोटं ताणली गेली, सैल झाली, पुन्हा ताणली गेली.

परतताना ड्राफ्ट्समनांना त्यांच्या इमारतीपाशी सोडलं. "या कधी," ते अण्णांना म्हणाले. "बघू," अण्णा म्हणाले. गेले मात्र कधीच नाहीत, आणि त्यांनीही पुन्हा बोलावलं नाही.

धायरीला मात्र अण्णा जायला लागले. पुढच्याच शनिवारी, कुणाला न सांगता, जेवणाचा डबा घेऊन, दोन बस बदलून. मग दर शनिवारी. पगाराचा प्रश्न नव्हता. त्यांना उघडायचं होतं. साठीच्या पुढे ते टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, काढायला शिकले, त्याखालचं पॅकिंग कापायला शिकले, तेलाची पट्टी कधी आणि कशी बघायची ते शिकले. मी एकदा आणायला गेले तर मेकॅनिक सांगत होता, "अण्णा माझ्यावर बी संशय घेत्यात. मी नट आवळला की हे परत आवळून बघत्यात. पण गिऱ्हाईक परत येत न्हाई हल्ली तक्रार घेऊन."

आमची गाडी त्यानंतर आठ वर्षं चालली. घाट चढली, माझ्या लग्नात सजली, दोनदा पाण्यात अडकून निघाली. इंजिन कधी उघडावं लागलं नाही. अण्णांना त्याचं वाईट वाटायचं. एका रविवारी मी खाली आले तर त्यांनी कारण नसताना टॅपेट कव्हर सोडलेलं होतं आणि सगळे नट वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले, आणि बोटभर जागा सोडून आणखी एक नट ओळीत ठेवला. "आत काय आहे ते बघतोय. तू बोलू नको, माझा क्रम चुकेल."