डाव्या पायावरचा बाण

मार्कर पेनचं टोपण उघडलं की त्या वासासरशी एक आठ वर्षांची मुलगी आठवते. झाशीच्या इस्पितळात मी तेव्हा नवा हाडांचा सर्जन होतो. ती जवळच्या बबिना इथल्या लष्करी छावणीतल्या मराठी हवालदाराची मुलगी, दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेले. आधी उजवा सरळ करायचा, डावा सहा महिन्यांनी, असं ठरलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, कुठला पाय ते चुकू नये म्हणून, मी उजव्यावर मार्करने बाण काढला. सकाळी ऑपरेशन टेबलावर पाहतो तर दोन्ही पायांवर बाण! “सिस्टरजी, ये क्या तमाशा है? गलत पैर कट जाता तो?” मी ओरडलो. मुलगी अजून जागी होती. म्हणाली, “मीच काढला, काका. त्याचाही नंबर लावून ठेवला.” केसपेपर आणि एक्स-रे पुन्हा पाहिले, डावा बाण पुसला आणि कामाला लागलो. पुढे डावाही सरळ झाला. तेव्हापासून बाणाखाली सही करतो. सिस्टरची माफी मात्र अजून मागितलेली नाही.