अडकलेला हॉर्न

घराच्या फाटकाशी बसणाऱ्या फुलवालीनं टोपली हलवावी म्हणून मी गाडीचा हॉर्न रोज वाजवायचो. तिचं बाळ दचकून रडायचं, तरी वाजवायचो.

चामराजपेटेतल्या आमच्या दारात एका सकाळी तो हॉर्न अडकला. बटण ठोकलं, थांबेना. बॉनेट उघडून पाना हातात घेतला, पण कुठं लावायचा ते कळेना. बाळ किंचाळू लागलं. त्याला कडेवर घेऊन ती आली आणि माझ्या हातातला पाना घेऊन तिनं बॅटरीची वायर सोडवली. एकदम शांतता.

“अण्णा, बटणाची वायर कुठं घासली ते बघा. आमच्या घरधन्याच्या टॅक्सीचंबी असंच व्हायचं.” मग हसली, “लेकराला वाटलं, आज तुमी लईच घाईत हायसा!”

वायर खरंच घासली होती. तिथं टेप गुंडाळली.

दुसऱ्या सकाळी हॉर्न न वाजवता गाडीतून उतरलो. बाळ झोपलं होतं. टोपली स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि हळूच म्हणालो, “अक्का, चुकलं माझं.”