हिंडनपलीकडची गॅलरी

साइटवरचे किस्से सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण काम संपेपर्यंत ढीग झालेला असतो! गाझियाबादला हिंडन नदीवर आम्ही पायी जाणाऱ्यांसाठी पूल बांधला, तेव्हाचे हे.

*

माझा फ्लॅट पलीकडच्या काठावर, नव्या कॉलनीत. माझी बायको, सुमती, सांगलीहून आली ती नावेतून. उतरताना चप्पल चिखलात रुतली, ती रुतलीच! आठवड्यात परत निघाली. "पूल झाला की येते. तोवर तुम्ही आणि तुमची नदी!" जाताना घराची एक किल्ली मात्र पर्समध्ये टाकली. तेवढीच आशा.

*

घर खायला उठायचं हो! म्हणून सकाळी निघताना मी गॅलरीतला दिवा चालूच ठेवायचो. संध्याकाळी साइटवरून तो दिसायचा. घरी कोणीतरी आहे असं वाटायचं.

माझ्याबरोबरचा इंजिनिअर पिल्ले म्हणाला, "भाभीजी आ गईं?" तोंडातून निघून गेलं, "हां." रविवारी हा पठ्ठ्या बायकोला आणि हलव्याचा डबा घेऊन दारात हजर! म्हटलं, "वो मंदिर गई हैं." चहा मीच केला. बराच वेळ बसले बिचारे. निघताना पिल्ले हळूच म्हणाला, "सर, मंदिर सांगली में है क्या?"

दुसऱ्या दिवसापासून तो माझाही डबा आणायला लागला.

*

एसटीडी बूथवरून सुमतीला हे हसत हसत सांगितलं. ती कुठली हसते! "रिकाम्या घरात दिवा जाळता? बिल काय तो कॉन्ट्रॅक्टर भरणार?" आणि खाडकन फोन ठेवला. दिवा मी चालूच ठेवला.

*

कॉन्ट्रॅक्टर चड्ढाजींचं एकच पालुपद, "अगले मंगल, पक्का!" पुरात काँक्रीटखालचे टेकू, सगळं सेंटरिंग वाहून गेलं तरी तेच! एकदा मी भडकलो, तर म्हणतात, "यार जोशीजी, आपको पुल चाहिए या भाभीजी?"

"पुल दो, भाभीजी अपने आप आएंगी!"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

*

शेवटी झाला एकदाचा! सुमतीला आठवडाभर आधी फोन केला. "बरं," एवढंच म्हणाली.

उद्घाटनाला नेते उशिरा. तेवढ्यात एका दूधवाल्याने फितीखालून सायकल घातली. "फीता बाद में काटना, दूध फट जाएगा!" झालं, पहिला मान त्याचा!

*

त्या संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. मी एकटाच पुलावरून निघालो. समोर अख्ख्या बिल्डिंगमध्ये दिवे, आणि आमचीच गॅलरी अंधारी! बल्बलाही आजच उडायचं होतं! कोपऱ्यावरून नवा बल्ब घेतला आणि जिने चढलो.

दाराला कुलूपच नव्हतं.

"अहो, रिकाम्या घरात दिवा जाळू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"