श्रुतिकाची लवंग

बोरीवलीच्या सोसायटीत श्रुतिका परबच्या नाकाला सगळ्या बायका वचकून असत. जिना चढता चढता ती म्हणायची, "पहिल्या मजल्यावर मसाल्यात दगडफूल जास्त पडलंय," आणि पहिल्या मजल्यावरची बाई दार उघडून विचारायची, "इतकं कळतंय होय?" श्रुतिका दहिसरला एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. नवरा हर्षद लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या जिभेचं कौतुक एवढंच, की आमटीत मीठ नसलं तरी तो वाटी चाटूनपुसून ढेकर द्यायचा.

या दोघांचं एक गुपित होतं. दरवर्षी गणपतीला कुडाळला जायचं, आणि विसर्जन झालं की कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घेऊन मुंबई गाठतो म्हणून निघायचं. "आंबाबायचो प्रसाद आणूक इसरू नकात हां," असं सासूबाई गाडी सुटेपर्यंत बजावायच्या. दर्शन व्हायचं, प्रसादाचे लाडूही घेतले जायचे, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्यानंतर गाडी मुंबईकडे न वळता कधी पन्हाळ्याला, कधी पाचगणीकडे, डोंगरातली गावं धुंडत हिंडायची आणि जिथे कुणी हौसेने बियर बनवत असेल तिथे मुक्काम टाकायची.

याला कारण एक पंक्चर. एका वर्षी घाटमाथ्यावरच्या गावात टायर बसला तेव्हा समोर उघडं दार एकच होतं, नव्याने थाटलेल्या छोट्याशा बियर कारखान्याचं. मालकाने आग्रहाने पेला पुढे केला. श्रुतिकाने आयुष्यात पहिल्यांदा घोट घेतला, तोही भिडेपोटी, आणि म्हणाली, "केळं! आणि मागून लवंग." मालक थक्क झाला. दोन्हीतलं काहीच त्यात घातलं नव्हतं, पण गव्हाच्या त्या बियरला आंबवणाऱ्या खमिरामुळे अगदी तोच वास येतो म्हणे. हर्षदने अख्खा पेला रिचवला आणि सांगितलं, "मला तर नुसतं कडू लागलं." श्रुतिका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. मग दरवर्षी तोच खेळ. तिने चवी ओळखायच्या आणि याने कडू म्हणायचं.

गेल्या वर्षी आजार निघाला आणि केमोने तिची चव नेली. तोंडात पत्रा धरल्यासारखं वाटतं, म्हणायची. यंदा श्रावणात एक दिवस तिने आमटीत बोट बुडवून चाखलं आणि ओरडली, "चव आली रे!" हर्षदने सोसायटीभर पेढे वाटले. पुढे आजार हाडात उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, गणपतीनंतर नवी औषधं चालू करायची ठरली. पण हर्षदचा रिपोर्टावर विश्वासच बसेना. चव परत आली म्हणजे बाई बरी होणार, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. वेडेपणा होता, पण त्याच्या जोरावरच तो रोज कामाला जात होता.

यंदाही ते त्या पंक्चरच्या गावी गेले. घोटभर चालेल, अशी डॉक्टरांची परवानगी होती. रात्रीसाठी खोली घेतली, संध्याकाळी अंगणातल्या टेबलावर बसले. गर्दी होती, वेटर नवा होता. श्रुतिकाने नेहमीची बियर मागवली, डोळे मिटून घोट घेतला.

"केळं," ती म्हणाली. "आणि मागून लवंग."

हर्षदचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात त्याने तिचा पेला ओढून तोंडाला लावला. ती बियरच नव्हती. त्याच कारखान्यात सफरचंदाची आंबटगोड दारू बनायची, ती वेटरने चुकून आणली होती. पिवळ्या दिव्याखाली रंग सारखाच दिसत होता. हर्षदच्या जिभेलासुद्धा फरक कळला. त्याने पेला हळूच खाली ठेवला.

"काय रे?"

"काही नाही गं. आज मलापण लवंग लागली."

श्रुतिका त्याच्याकडे बघत राहिली. "तुला? लवंग?"

"हो ना."

"मग मी भलतंच काहीतरी प्यायले."

त्याने मान खाली घातली. ती चिडली नाही. "श्रावणापासून खोटं बोलतेय," ती म्हणाली. "गंमत म्हणून बोलून गेले, तर तू पेढे वाटून आलास. नंतर कुठल्या तोंडाने सांगू?"

हर्षद तिथेच, माणसांत बसून रडला. शेजारच्या टेबलावरच्यांनी नजर वळवली. श्रुतिकाने त्याला थांबवलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली, आणि तो जरा शांत झाल्यावर तिने पेला त्याच्यापुढे सरकवला.

"आता तू सांग. कसं लागतंय?"

"सफरचंद."

"अजून?"

"आंबट."

"आंबट कसं? चिंचेसारखं की कैरीसारखं?"

हर्षदने आणखी एक घोट घेतला. शब्द शोधताना त्याच्या कपाळाला घाम आला. "साल सोलताना सुरीला वास येतो ना," तो म्हणाला, "तसं. आणि मग... मग थोडं मधासारखं."

श्रुतिकाने डोळे मिटले. "हं," ती म्हणाली. "सांग पुढे."